श्रावण सोडून ब्रह्मगिरीची फेरी करताय? या चुका टाळा

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरी डोंगराची फेरी, म्हणजे प्रदक्षिणा, केलेली माणसं एप्रिलात हमखास फसतात, हे मी स्वतःवरून सांगतोय. श्रावणात वाट शोधायचीच नसते ना, पुढे माणसं मागे माणसं, कुणी चहा देतंय कुणी केळी, आपण नुसते गर्दीबरोबर सरकत राहतो आणि आपल्याला वाटतं की रस्ता पाठ झाला. त्याच वीसेक किलोमीटरच्या फेरीला उन्हाळ्यात या, बराच भाग आता डांबरी झालाय ते ठीक, पण डोंगराच्या मागच्या अंगाला शेतातून-झाडीतून जाताना चिटपाखरू नसतं. भातखाचरं कोरडी पडलेली, त्यामुळे जो तो मनाला येईल तिथून आडवा जातो, आणि एका वाटेच्या पाच वाटा होतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ढोरवाटेला लागणं. ती मस्त रुंद असते, मळलेली असते, आणि चरण्याच्या उतारावर जाऊन अचानक संपते. ओळखायची कशी? खाली नाही, वर बघा. गुरं फांदीखालून निघून जातात, त्यामुळे करवंदीच्या जाळ्या तुमच्या छातीला-तोंडाला लागायला लागल्या की समजा वाट गुरांची. माणसांच्या वाटेवर डोक्याच्या उंचीला कोयत्याने छाटलेल्या फांद्या दिसतात. आणि खरं सांगू, जंगलात कचरा बघून डोकं फिरतं, पण वाट चुकल्यावर गुटख्याची पुडी दिसली की जो काही आनंद होतो ना!

आम्ही तिघं असेच अर्धा तास चढत राहिलो. वर एक गुराखी मामा बसलेले, विचारलं तर हसले, म्हणाले, "परदक्षिणा ना? मंग डोंगर उजव्या हाताला पायजे, तुमचा तर मागं गेला." ऑफलाइन मॅप खिशात होता, उघडला कुणी नव्हता. म्हणून म्हणतो, डोंगर उजवीकडून सरकला की थांबा आणि शेवटची खात्रीची खूण होती तिथपर्यंत उलटे या, पुढे जाऊन वाट मिळेल ही आशा सोडा.

आणि नाल्यातून खाली उतरायचा शॉर्टकट तर अजिबात नको. सह्याद्रीचा कातळ लाव्हाच्या थरांचा, पायऱ्या-पायऱ्यांचा, त्यामुळे आत्ता सोपा वाटणारा नाला पुढे कोरड्या धबधब्याच्या कड्यावर नेऊन सोडतो, मग ना खाली जाता येत ना वर.

पाणी. पावसाळ्यात धो धो पडतं म्हणून झरे असतीलच असं धरून लोक एक बाटली घेऊन येतात. त्र्यंबक तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात बायका हंडा घेऊन लांब विहिरीवर जातात, त्यांच्याकडे आपण पाणी मागायचं हे मला तरी बरं वाटत नाही. माणशी चार लिटर घरून न्या. आणि "आधी मिसळ खाऊ मग निघू" हा नाशिककर हट्ट त्या दिवशी सोडा, एकतर निघायला नऊ वाजतात आणि वर त्या तर्रीने दिवसभर घसा सुकतो. त्र्यंबकेश्वरातल्या कुशावर्त कुंडापासून पहाटे साडेपाचला पाय उचलला तर ऊन तापायच्या आत बरंच अंतर कापून होतं.

धूर दिसला की लगेच घाबरू नका, भाताच्या रोपांसाठी शेतकरी राब भाजतात त्याचा असू शकतो. पण वाळलेलं गवत पेटत तुमच्या उताराकडे येत असेल तर वरच्या अंगाला पळू नका, आग चढावर जास्त वेगाने येते, बाजूला आडवं पळत उघड्या खाचरात या. कड्याला आग्यामोहोळ असतं तिथे सेंट, सिगारेट, आरडाओरडा काही नको.

अंधार पडायला आला आणि वाट नाही सापडली तर फेरी पूर्ण करायचा नाद सोडायचा आणि जवळच्या पाड्यावर जायचं. फोन बऱ्याचदा धारेवर किंवा मोकळ्यावरच लागतो, म्हणून दिवसभर एअरप्लेन मोडवर ठेवून बॅटरी वाचवा. त्या दिवशी आमच्या तिघांत मिळून एक फोन चालू होता, सहा टक्क्यांवर, आणि त्यावरच टॉर्च लावून आम्ही डांबरीला लागलो.