बँक तरली, शेअर बुडाला

४ जून २०२४. कारखान्याचा गळीत हंगाम संपलेला, लेखा विभागात काम बेताचं, आणि कॅन्टीनमधल्या टीव्हीसमोर ही गर्दी. सांगलीत अपक्ष उमेदवार पुढे चालला होता, त्यामुळे सगळ्यांचे डोळे टीव्हीवर. माझे मात्र टेबलाखालच्या मोबाईलवर. आदल्या दिवशी एक्झिट पोलच्या जोरावर सेन्सेक्स अडीच हजार अंकांनी उसळला होता आणि मी एका सरकारी बँकेचे दोनशे शेअर उचलले होते. 'स्थिर सरकार येणार, सरकारी बँका पळणार' एवढाच माझा अभ्यास.

दिवसअखेर सेन्सेक्स ४,३८९ अंकांनी खाली आला. सरकारी बँकांना तर वालीच उरला नव्हता. स्टेट बँकेसारखा जाडजूड शेअरसुद्धा एका दिवसात चौदा टक्क्यांच्या आसपास घसरला. मी दुपारी दोनच्या सुमारास सगळं विकून मोकळा झालो. तीनच दिवसांनी, ७ जूनला, सेन्सेक्स ७६,६९३ वर, म्हणजे तोपर्यंतच्या सर्वोच्च पातळीवर बंद झाला.

ही गोष्ट ऐकून भाचा लगेच म्हणाला, "मग मामा, तुम्ही विकायला नको होतं." त्याचं अर्धंच बरोबर आहे. निर्देशांक तीन दिवसांत सावरला, पण स्टेट बँकेला ३ जूनची उंची पुन्हा ओलांडायला सव्वा वर्षाहून जास्त काळ लागला. मी घाबरून विकलं ही दुसरी चूक होती. उत्साहात घेतलं ही पहिली, आणि मोठी तीच.

भाच्याने नुकतंच डिमॅट उघडलंय. 'अनिश्चितता आहे, बँका स्वस्त मिळतायत, घेऊ का?' हा त्याचा प्रश्न, आणि त्याच्यासारखे अजून चार जण मला हेच विचारतात. मी सल्लागार नाही, शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीची नोंदणी वगैरे काही नाही. साखर कारखान्यात हिशेब लिहिणारा माणूस आहे आणि बारा-तेरा वर्षांत बँकांच्या शेअरमध्ये कमावलंय, गमावलंयही. त्यातलं जे सांगण्यासारखं आहे ते सांगतो.

आमच्या घरात 'शेअर' म्हणजे कारखान्याचा शेअर. वडिलांच्या नावावर एक होता, त्यावर दिवाळीला सवलतीची साखर यायची. त्याचा भाव रोज बदलतो असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. पतसंस्थेचा शेअर म्हणजे तर कर्ज काढताना कापून घेतलेली रक्कम. या वातावरणातून आलेल्या माणसाला वाटतं की बँक मोठी, रिझर्व्ह बँकेची नजर तिच्यावर, म्हणजे तिचा शेअर हा एफडीचाच जरा धाडसी भाऊ. मलाही असंच वाटायचं.

आता जरा हिशेब करू. बँकेने शंभर रुपयांची कर्जं वाटली असतील तर त्यात तिचं स्वतःचं भांडवल दहा-बारा रुपयांच्या घरात असतं. बाकीचे पैसे ठेवीदारांचे. कर्जातले पाच रुपये कायमचे बुडाले तर ठेवीदाराला कळतही नाही, पण शेअरधारकाचे जवळपास निम्मे पैसे गेलेले असतात. साबणाच्या कंपनीचं एक वर्ष वाईट गेलं तर नफा कमी होतो. बँकेचं एक वर्ष फार वाईट गेलं तर तिला नवं भांडवल आणावं लागतं, आणि पडलेल्या भावात नवे शेअर काढले की जुन्याचा वाटा पातळ होतो.

दुसरी अडचण अशी की माल दिसत नाही. आमच्या गोदामातल्या साखरेवर मालतारण कर्ज असतं. बँकेचा अधिकारी येतो, थप्प्या बघतो, पोती मोजतो. बँकेची पोती मोजायला आपण कुठे जाणार? तिचा माल म्हणजे लोकांनी दिलेला परतफेडीचा शब्द. २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांच्या कर्जांची कसून तपासणी सुरू केली, तेव्हा 'चांगली' म्हणून दाखवलेली किती कर्जं आतून किडली होती ते बाहेर आलं. मार्च २०१८ ला स्टेट बँकेचा ढोबळ एनपीए, म्हणजे नव्वद दिवसांहून जास्त थकलेल्या कर्जांचा एकूण कर्जांतला वाटा, १०.९१ टक्क्यांवर होता.

२०२० सालच्या दोन गोष्टी प्रत्येक नवख्याने पाठ कराव्यात. ५ मार्चला येस बँकेवर निर्बंध आले, ठेवीदाराला पैसे काढायला पन्नास हजारांची मर्यादा. स्टेट बँक आणि इतर बँकांनी दहा रुपये भावाने भांडवल घातलं, १८ मार्चला निर्बंध उठले, ठेवी सुरक्षित राहिल्या. बँक तरली. पण शंभराहून जास्त शेअर असणाऱ्यांचे ७५ टक्के शेअर तीन वर्षांसाठी गोठवले गेले, ८,४१५ कोटींचे एटी-वन बाँड (बँक अडचणीत आली तर बुडवता येणारे कर्जरोखे) शून्य केले गेले, आणि जुलैमधल्या एफपीओनंतर, म्हणजे लोकांना नवे शेअर विकल्यानंतर, एकूण शेअर अडीचशे कोटींवरून अडीच हजार कोटींवर गेले. २०१८ साली हाच शेअर चारशेला होता म्हणून 'परत चारशे होईल' म्हणणारे मला आजही भेटतात. चारशे गुणिले अडीच हजार कोटी शेअर म्हणजे दहा लाख कोटी रुपये. त्या वर्षी देशातल्या कुठल्याही बँकेची तेवढी बाजारकिंमत नव्हती. एवढा गुणाकार केला तरी पुष्कळ.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लक्ष्मी विलास बँक डीबीएसच्या भारतीय बँकेत विलीन झाली. ठेवीदारांना पूर्ण पैसे. शेअरधारकांना शून्य. निर्बंध ते विलीनीकरण हा सगळा प्रकार दहा-अकरा दिवसांत उरकला. लोअर सर्किटला, म्हणजे भाव दिवसाच्या खालच्या मर्यादेला टेकल्यावर, विकायला उभं राहिलं तर समोर घेणारा नसतो, हे त्या दिवसांत कळलं.

या दोन्ही बँका माझ्याकडे नव्हत्या, पण त्याआधी मी वेगळ्या एका छोट्या खासगी बँकेत तेच केलं होतं. नाव घेत नाही, दोष माझाच. दर पडला की थोडे अजून घ्यायचे, 'ॲव्हरेज' खाली आणायचा. चार वेळा केलं. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात, तसं. दर तिमाहीला एनपीए वाढत होता आणि मी दर तिमाहीला तो आकडा सोडून भाव बघत होतो. साठ टक्के घालवून बाहेर पडलो.

तेव्हापासून एक सवय लागली. बँकेचा शेअर पडला की आधी विचारायचं, काय पडलं? माणसांचा मूड की ताळेबंद? ४ जूनला कुठल्याही बँकेचं एकही कर्ज सकाळपेक्षा संध्याकाळी जास्त थकलं नव्हतं. २३ मार्च २०२०ला सेन्सेक्स तेरा टक्के आपटला तेव्हा मात्र प्रश्न खरा होता. दुकानं बंद, हप्ते कुठून येणार? रिझर्व्ह बँकेने हप्त्यांना सवलत दिली, तरी ऑगस्टअखेर ती संपेपर्यंत खरी थकबाकी किती हे कुणालाच ठामपणे सांगता येत नव्हतं. अशा वेळी हुशारी करू नये, हप्त्याहप्त्याने घ्यावं किंवा थांबावं.

राजकारण ताळेबंदात शिरतं ते निकालाच्या दिवशी कमी, आणि इतर वाटांनी जास्त. कर्जमाफीचंच घ्या. आमच्याकडे सोसायटीची वसुली उसाच्या बिलातून कापली जाते. २०१७ मध्ये राज्य सरकारने चौतीस हजार कोटींची कर्जमाफी जाहीर केली. त्याआधी कित्येक महिने आमच्या टेबलावर एकच मागणी असायची, 'साहेब, या बिलातून कपात नको, माफी येणारे.' २०१९ च्या निवडणुकीच्या सुमारास पुन्हा तेच. शेतकऱ्याला मी दोष देत नाही, त्याच्या जागी मीही थांबलो असतो. पण ज्या बँकेचं शेतीकर्ज जास्त आहे तिची वसुली घोषणेच्या आधीच मंदावते, हे टीव्हीवरच्या तज्ज्ञाआधी उसबिलाच्या क्लार्कला कळतं. सरकार पैसे भरतं, पण उशिरा. आणि हप्ता न भरण्याची सवय मागे राहते.

दुसरी वाट सरकारच्या तिजोरीची. २४ ऑक्टोबर २०१७ ला सरकारी बँकांसाठी २.११ लाख कोटींचं भांडवल जाहीर झालं. दुसऱ्या दिवशी पंजाब नॅशनल बँकेचा शेअर ४६ टक्के वर. फेब्रुवारी २०१८ मध्ये तिच्याच मुंबईतल्या एका शाखेतला अकरा हजार कोटींहून मोठा घोटाळा उघडकीला आला आणि काही आठवड्यांत ती सगळी वाढ धुऊन निघाली. घोषणेवर घेतलेला शेअर घोषणेइतकाच टिकतो. व्याजदराचं म्हणाल तर रेपो (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो) कमी झाला की कर्जाचा दर लगेच उतरतो, ठेवीचा हळूहळू, आणि मधल्या काळात बँकेचं मार्जिन, म्हणजे या दोन व्याजांतला फरक, आक्रसतं. 'व्याजदर कपात म्हणजे बँकांना चांगलं' हे वाक्य म्हणून तर अर्धवट आहे.

उलट बाजूची गोष्ट सांगतो, ती जास्त बोचते. आपली बँक ऑफ महाराष्ट्र. जून २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर सुधारणात्मक निर्बंध घातले, ते जानेवारी २०१९ ला उठले. मार्च २०१८ ला तिचा ढोबळ एनपीए १९.४८ टक्के होता, म्हणजे पाच रुपयांतला एक अडकलेला. मग दर मार्चला मी वहीत लिहीत गेलो: १६.४०, १२.८१, ७.२३. मार्च २०२४ ला १.८८. आणि २०२० च्या मार्चमध्ये, आकडे सुधारत असताना, दहा रुपये दर्शनी किमतीचा शेअर दहाच्याही खाली मिळत होता. २०२४ च्या मध्याला तो साठच्या वर होता. वही माझी, आकडे माझ्या अक्षरात, आणि शेअर एकही घेतला नाही. कारण तेव्हा सगळीकडे कोरोना, आणि आमच्या चहाच्या टपरीवर 'सरकारी बँका संपल्या' असं ठरलेलं होतं.

मी आता काय बघतो ते थोडक्यात. ढोबळ आणि निव्वळ (तरतूद वजा करून उरलेला) एनपीए, सलग आठ तिमाहींचा. एका तिमाहीने काही कळत नाही. बुडीत कर्जांसाठी तरतूद किती केलीय, म्हणजे नफ्यातून आधीच किती बाजूला काढलंय. ठेवींमध्ये चालू आणि बचत खात्यांचा वाटा किती. भाव पुस्तकी किमतीच्या (एका शेअरमागे बँकेचं स्वतःचं भांडवल) किती पट, पण हे सगळ्यात शेवटी, कारण पुस्तकी किंमतच खोटी असेल तर पट काढून काय उपयोग? आणि निफ्टीचा इंडेक्स फंड आधीच असेल तर त्यातला साधारण एक तृतीयांश पैसा वित्तीय क्षेत्रातच आहे, हे विसरू नका. नवख्याने वेगळा शेअर घ्यायचा तर एकूण गुंतवणुकीच्या दहा टक्क्यांपुढे एका बँकेत जाऊ नये, असं माझं मत.

बँक निफ्टी या बँक शेअरच्या निर्देशांकावरच्या ऑप्शनबद्दल एकच वाक्य. सेबीच्याच पाहणीत २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शनचे मुदतीचे सौदे) करणाऱ्या शंभरातल्या त्र्याण्णव लोकांनी पैसे घालवले. भाच्याच्या हॉस्टेलमधला प्रत्येक जण उरलेल्या सातांत असतो.

भाच्याला मी कुठल्या बँकेचं नाव सांगितलं नाही, तिमाही निकालाची सादरीकरणं कुठे मिळतात तेवढं दाखवलं. वैतागला. मग एका बँकेचे दहा शेअर घेतले, तेही मला न विचारता. परवा रात्री साडेदहाला त्याचा फोन आला. मला वाटलं, पडलेला दिसतोय भाव.

"मामा, एसएमए-टू म्हणजे काय?"

साठ दिवसांवर थकलेलं, पण नव्वद न ओलांडल्याने अजून एनपीएत न धरलेलं कर्ज, असं सांगितलं. पलीकडे पानं उलटल्याचा आवाज. "मग हे गेल्या तिमाहीपेक्षा वाढलंय," तो म्हणाला, "आणि शेअर तर वर आहे."