मायग्रेनसाठी अ‍ॅक्युपंक्चर करायचंय? मग आधी महिनाभर नोंदी ठेवा

डोकं उठलं की सुया टोचून घ्यायला धावायचं असं यात नाही हं, हा कोर्स असतो तो पुढचे अटॅक कमी यावेत म्हणून, त्यामुळे चार-दोन सिटिंग करून 'मला काही फरक नाही' म्हणत सोडू नका. ब्रिटनमध्ये उपचारांचे नियम ठरवणाऱ्या नाइस संस्थेच्या गाइडलाइनमध्ये ५ ते ८ आठवड्यांत १० पर्यंत सिटिंग दिलीयेत, तीसुद्धा प्रोप्रानोलॉल आणि टोपिरामेट या अटॅक टाळायच्या गोळ्या चालत नसतील किंवा उपयोग होत नसेल तेव्हा.

सुरू करायच्या आधी महिनाभर लिहून ठेवा. भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहिलंत तरी चालेल. कुठल्या दिवशी दुखलं, किती तास, उलटी झाली का, कुठली गोळी घेतली, पाळी कधी आली, उपास होता का, रात्री झोप किती झाली, भर उन्हात स्टेशनपर्यंत चालत गेलात का, सगळं. हे नसेल तर दोन महिन्यांनी फरक पडला की नाही हे फक्त अंदाजाने सांगाल. आणि नोंदीत साध्या पेनकिलरचे दिवस महिन्याला १५ किंवा ट्रिप्टानचे (मायग्रेनचा अटॅक थांबवायच्या खास गोळ्या) १० भरत असतील तर गोळ्यांमुळेच डोकं दुखत असू शकतं, ते आधी डॉक्टरांना दाखवा.

निदान डॉक्टरांकडूनच करून घ्या, मुंबईत केईएम, सायन, नायरला न्यूरोलॉजीची ओपीडी आहे. अचानक कधी नव्हे इतकं भयंकर दुखलं, बोलताना जीभ अडखळली, हातापायातली ताकद गेली, तापासोबत मान आखडली, तर सुयाबिया सगळं बाजूला, सरळ कॅज्युअल्टी.

आता माणूस निवडताना. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरचा स्वतंत्र कायदा आणि कौन्सिल आहे, तेव्हा रजिस्ट्रेशन नंबर विचारायला लाजू नका. सुया तुमच्यासमोर सीलबंद पाकिटातून काढायच्या आणि वापरून फेकायच्या, यात तडजोड नाही. रक्त पातळ करायची गोळी, पेसमेकर, प्रेग्नन्सी असेल तर आधीच सांगा, अंगठा आणि तर्जनीच्या मधला हेगू पॉइंट प्रेग्नन्सीत सहसा टाळतात.

सिटिंगला उपाशी जाऊ नका. सुया केसासारख्या बारीक, टोचताना किंचित कळतं, मग जड किंवा झिणझिण्या आल्यासारखं वाटतं, २०-३० मिनिटं पडून राहायचं. पहिल्या वेळी काहींना चक्कर येते म्हणून दादरला गर्दीच्या वेळची विरार फास्ट पकडायचा बेत नको, दुपारची वेळ घ्या.

उपयोग होतो का? २०१६ च्या कॉक्रेन रिव्ह्यूत (अनेक चाचण्यांचा एकत्र आढावा) १०० पैकी ४१ जणांची डोकेदुखी निम्म्यावर आली, सुया न घेतलेल्यांत १७. पण खोट्या सुयांशी (चुकीच्या जागी टोचलेल्या किंवा आत न जाणाऱ्या) तुलना केली तर खऱ्या सुयांत १०० पैकी ५०, खोट्यांत ४१, म्हणजे खऱ्या सुयांचा वेगळा फायदा छोटा आहे, तरी महिन्यातले निम्मे अटॅक कमी होणं ही माझ्या मते लहान गोष्ट नाही, ऑफिसला दांडी मारून पडदे ओढून पडलेल्या माणसाला विचारा. 'मायग्रेन मुळापासून घालवतो' म्हणणाऱ्यापासून मात्र लांबच राहा.

चालू असलेली प्रतिबंधक गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. कोर्स संपल्यावर नोंदींचे आधीचे आणि नंतरचे महिने शेजारी ठेवून मोजा, दिवस निम्मे झाले असतील तर पुढे किती अंतराने घ्यायचं ते विचारा, काहीच हललं नसेल तर पैसे घालत बसू नका, तीच पानं घेऊन न्यूरोलॉजिस्टकडे जा.