जुन्या गाडीचा हॉर्न वाजत नाही? या चुका टाळा

गणपती जवळ आले की रत्नागिरी-चिपळूण पट्ट्यात महिनोन् महिने ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या अॅम्बेसेडर आणि फियाट बाहेर निघतात. बॅटरी चार्ज होते, चाकांत हवा भरली जाते आणि मग लक्षात येतं, हॉर्न वाजत नाही. पुढचं सगळं मला तोंडपाठ झालंय. मालक नवा हॉर्न आणतो, तो चार दिवस वाजतो, मग घोगरा होतो, आणि 'जुन्या गाड्यांचं हे असंच' म्हणून विषय संपतो. असंच वगैरे काही नसतं. या खाऱ्या हवेत हॉर्न स्वतः मरतो ते क्वचित. त्याच्यापर्यंत पुरेसा करंट पोचत नाही, हे खरं दुखणं.

न मोजता हॉर्न बदलणं

ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की आता राग येतो. गुहागरकडच्या एका निवृत्त गुरुजींची अॅम्बेसेडर आठवते. दोन्ही हॉर्न नवे, तरी आवाज म्हणजे नुसती घरघर. सकाळी जरा बरा, पावसाची सर येऊन गेली की पार गप्प. वायरिंगवाल्या पोराने टेस्ट लॅम्प लावून दाखवला. "काका, करंट येतोय हो. लॅम्प बघा केवढा पेटतोय. हॉर्नच डुप्लिकेट आहेत."

लॅम्प पेटत होता हे खरं. पण त्या लॅम्पचा बल्ब छोटा, त्याला एक अँपिअरसुद्धा लागत नाही. गंजलेल्या जोडातूनही तेवढा करंट सहज पाझरतो. हॉर्नची जोडी मात्र आठ-दहा अँपिअर ओढते. गंजाचा अडथळा तेव्हाच आडवा येतो आणि व्होल्टेज वाटेतच खाल्लं जातं. म्हणून नुसता लॅम्प पेटला म्हणजे लाइन चांगली, असं समजू नका.

मी मल्टिमीटर काढला. बॅटरीवर 12.6 व्होल्ट. बटण न दाबता हॉर्नच्या पिनवरही जवळजवळ तेवढेच. गुरुजींना बटण दाबून धरायला सांगितलं, तर तिथलाच आकडा आठच्या खाली आला. मग बटण दाबलेलं असतानाच मीटरच्या दोन्ही पिना फ्यूजच्या दोन्ही बाजूंच्या क्लिपांना लावल्या. तिथे चार व्होल्टच्या आसपास दिसले, जिथे शून्याच्या जवळ काहीतरी दिसायला हवं. काचेचा फ्यूज डोळ्यांना धडधाकट, आतली तार अखंड. क्लिपेतून फिरवून बाहेर काढला तेव्हा त्याच्या टोपीवर हिरवी पावडर आणि क्लिपेच्या आतल्या बाजूला काळा थर. बारीक काचपेपरने क्लिपा लख्ख केल्या, पक्कडीने जरा आवळल्या, नवा फ्यूज बसवला आणि वर व्हॅसलीनचा पुसट हात फिरवला. हॉर्न असा वाजला की अंगणातल्या कोंबड्या उधळल्या. गुरुजींनी आधी काढून ठेवलेले मूळ हॉर्न डिकीत होते. तेही लावून पाहिले, उत्तम वाजले.

तेव्हा माझी सवय अशी. बटण दाबलेलं असतानाच मोजायचं, एरवीचे आकडे निरुपयोगी. हॉर्नच्या दोन पिनांमध्ये साडेअकराच्या वर व्होल्टेज मिळालं आणि तरीही तो वाजला नाही, तरच हॉर्नवर संशय घ्यायचा. त्याहून कमी असेल तर बॅटरीपासून एकेक जोड मोजत पुढे यायचं. अर्ध्या व्होल्टहून जास्त जिथे गळतो, तिथे चोर.

आणि अर्थची बाजू, म्हणजे बॉडीतून बॅटरीकडे जाणारी करंटची परतीची वाट, विसरू नका. या गाड्यांत बहुतेक वेळा हॉर्नला करंट कायम असतो आणि स्टिअरिंगवरचं बटण अर्थ जोडतं. म्हणजे बटणाचे पॉइंट (करंट जोडणारे-तोडणारे संपर्क), स्टिअरिंगच्या कॉलममधून (दांड्याच्या नळीतून) खाली येणारी वायर, बॉडीची अर्थपट्टी हे सगळं त्या वाटेवरच आलं. बटणाकडे जाणारी वायर हॉर्नच्या पिनवरून काढा, त्या पिनेला दुसरी वायर लावून तिचं टोक बॅटरीच्या अर्थ टर्मिनलला टेकवा. हॉर्न खणखणीत वाजला तर बिघाड स्टिअरिंगच्या बाजूला. दोन मिनिटांची ही तपासणी टाळून लोक हजार-दीड हजाराचा हॉर्न घेतात, हे मला अजून पचत नाही.

मागचा स्क्रू पिळत बसणं

आवाज बसला की पाना घेऊन हॉर्नच्या मागचा स्क्रू फिरवायचा, ही नवशिक्यांची आवडती घाई. त्या स्क्रूने सूर बदलत नाही. आतले पॉइंट घासून अंतर वाढलेलं असतं, तेवढं भरून काढण्यासाठी तो दिलेला असतो. पॉइंट चिकटून राहिले तर पडदा थरथरत नाही, नुसता करंट वाहत राहतो आणि कॉइल तापते. बटण दाबून धरून जोरात स्क्रू पिळणाऱ्यांनी अशा कितीतरी कॉइली जाळल्या आहेत.

करायचंच असेल तर आधी व्होल्टेज मोजून मगच. जोडीतला एक हॉर्न सोडवा आणि त्याची मोकळी वायर पत्र्याला लागू नये म्हणून टेप गुंडाळा. दुसऱ्याचा स्क्रू घड्याळाच्या उलट दिशेने थोडाथोडा फिरवा, दर वेळी बटण क्षणभरच दाबा. आवाज जेमतेम बंद पडतो ती जागा सापडली की तिथून पाव फेरा मागे, म्हणजे घड्याळाच्या दिशेने. जुन्या लुकास कंपनीच्या हॉर्नची हीच पद्धत आहे. पाव फेरा म्हणजे पावच. अर्धा फिरवल्याने आवाज दुप्पट होत नाही.

फ्यूजला चांदी गुंडाळणं

सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद फ्यूजला गुंडाळून 'चालू झालं बघा' म्हणणाऱ्या माणसाला माझ्या गाडीच्या बॉनेटला हात लावू देणार नाही. फ्यूज उडतो तो कुठेतरी वायर सोलली आहे म्हणून. कागद घातला की फ्यूजऐवजी वायरिंग जळतं, आणि ते डॅशबोर्डच्या मागे, कापडी वेष्टणाच्या जुन्या वायरींत जळतं. घाटात धूर निघाला तर गाडी थांबवायलाही जागा नसते.

जुन्या लुकास फ्यूजपेटीवर 35 अँपिअर लिहिलेलं असतं. तो फ्यूज उडण्याचा आकडा आहे, सतत वाहणारा करंट त्याच्या साधारण निम्माच धरलेला असतो. आपल्याकडच्या फ्यूजवर बहुतेकदा सतत वाहणारा करंट छापलेला असतो. नुसता 35 बघून बाजारातला कुठलाही फ्यूज कोंबलात तर संरक्षण अर्ध्यावर येतं. 15 किंवा 20 चा घाला, हॉर्नच्या जोडीला तो पुरतो.

हॉर्न आपोआप वाजला म्हणून कायमचा तोडून ठेवणं

वळणावर स्टिअरिंग फिरवलं की हॉर्न वाजतो, सरळ केलं की थांबतो. बटणाची वायर कॉलममध्ये सोलली आहे आणि पत्र्याला टेकते, एवढाच अर्थ. त्या वेळी हॉर्नची वायर ओढून काढणं ठीक, पण ती तशीच लोंबत ठेवून वर्ष काढणारे लोक मी पाहिलेत. परशुराम घाटात हॉर्नशिवाय उतरायचं धाडस कुणाच्या जिवावर करता? वायर बदला, कॉलममधून बाहेर येते तिथे स्लीव्ह चढवा. तासाभराचं काम.

बाकी थोडक्यात.

ब्रॅकेटला रंग फासून वर हॉर्न बसवू नका. एका वायरचा हॉर्न बॉडीतून अर्थ घेतो, रंगातून नाही. ब्रॅकेटच्या पट्ट्याच काढून हॉर्न थेट पत्र्यावर आवळू नका, हॉर्नच्या अंगाला पत्रा लागला की आवाज दबतो. जुन्या 6 व्होल्टच्या जीपचा हॉर्न 12 व्होल्टवर 'जरा वेळ चालेल' म्हणून जोडू नका, कॉइल जाईल.

प्रेशर हॉर्न आणि सुरावटीवाले हॉर्न नकोत. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 119 त्यांना मनाई करतो, आणि त्या गाड्यांना ते शोभतही नाहीत. अॅम्बेसेडरचं उत्पादन 2014 मध्ये थांबलं, मूळ हॉर्न आता भंगारबाजारात शोधावे लागतात. म्हणून 'खराब' म्हणून काढलेला हॉर्न फेकू नका, आधी थेट बॅटरीवर लावून बघा.

शंखाच्या आकाराचे हॉर्न असतील तर तोंड पुढे आणि किंचित खाली. वर केलंत की पावसाळाभर पाणी साचून आतला पडदा गंजतो. आणि बंद गाडीच्या हॉर्नच्या तोंडात कुंभारीण माशी चिखलाचं घर बांधते. वायरिंग सगळं ठीक, व्होल्टेज पूर्ण, तरी आवाज गुदमरलेला, तर हॉर्न उतरवा आणि तोंडात टॉर्च मारा. वाळका लाल चिखल दिसला तर पाणी ओतून भिजवू नका, ते आत पडद्यापर्यंत जातं. तोंड खाली धरून लाकडी काडीने सुटा करा, टिचक्या मारून झाडा. गाडी झाकून ठेवताना हॉर्नच्या तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधून ठेवा. मी तो लाल धाग्याने बांधतो, म्हणजे गाडी काढताना सोडायचं राहत नाही.