मुक्त नकाशातून छापील प्रवासमार्गदर्शिका: जुन्नर परिसराच्या निमित्ताने

जुन्नर परिसराचा घडीचा नकाशा आणि सोबत खिशात मावणारी पुस्तिका सामूहिक मुक्त मजकुरातून छापता येते, विकताही येते. ओपनस्ट्रीटमॅप (लोकांनी मिळून बनवलेला मुक्त नकाशा), विकिपीडिया आणि विकिव्हॉयेज (तशीच मुक्त प्रवासमार्गदर्शिका) यांच्या परवान्यांना व्यापारी वापर चालतो. मात्र कामाचा क्रम पहिल्या दिवसापासून एकच ठेवा: चूक दिसली की आधी मूळ ठिकाणी दुरुस्त करायची, मग तिथूनच माहिती नव्याने उतरवून घ्यायची. फक्त आपल्या संगणकात केलेली दुरुस्ती पुढच्या आवृत्तीपर्यंत हरवते. शिवाय ओपनस्ट्रीटमॅपच्या ओडीबीएल परवान्यानुसार, बदललेल्या माहितीवरून केलेला नकाशा विकला तर ती माहिती किंवा बदलांची फाइलही उपलब्ध करून द्यावी लागते. मूळ नकाशातच भर घातली की दोन्ही प्रश्न सुटतात.

पायवाटा चालूनच तपासा. नाणेघाट ते जीवधन, चावंड, हडसर या वाटांचे जीपीएस माग नोंदवा. पाण्याच्या टाक्यांबाबत दोन गोष्टी गावकऱ्यांना विचारून भरा: पाणी पिण्याजोगं आहे का, आणि ते मे महिन्यात उरतं का. नुसता निळा ठिपका छापला तर कुणीतरी त्याच्या भरवशावर भर उन्हात गड चढेल. गूगल मॅप्सवरून काहीही गिरवू नका; परवाना तसं करू देत नाही. मराठी नावांचा टॅग (नावाची वेगळी नोंद) बऱ्याच वाड्यांना नसतो. तोही मूळ नकाशातच भरा, नाहीतर छपाईत निम्मी नावं रोमनमध्ये येतील.

नकाशासाठी क्यूजीआयएस हे नकाशे बनवण्याचं मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. जिओफॅब्रिक या संकेतस्थळावरून ओपनस्ट्रीटमॅपची भारताच्या पश्चिम विभागाची फाइल घ्या आणि प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायची पद्धत) यूटीएम ४३ उत्तर ठेवा. वेबवरचं मर्केटर प्रक्षेपण तसंच राहू दिलं तर जुन्नरच्या अक्षांशावर अंतरं सुमारे ६ टक्क्यांनी फुगतात आणि प्रमाणपट्टी खोटी ठरते. १:१,००,००० प्रमाणावर ए२ कागदात समास सोडून साधारण ५५ बाय ३८ किलोमीटरचा प्रदेश बसतो. नाणेघाटापासून नारायणगाव, ओझरपर्यंत आणि वर माळशेजपर्यंत सगळं येतं. पण घाटघर, जीवधन, वानरलिंगी आणि नाणेघाट एकमेकांना इतके चिकटून आहेत की नावांची गर्दी होते. त्यांच्यासाठी कोपऱ्यात १:२५,००० चा वेगळा चौकोन द्या.

सह्याद्रीत सर्वांत जास्त त्रास कंटूर रेषा, म्हणजे समान उंचीच्या रेषा, देतात. एसआरटीएम या उंचीच्या मुक्त माहितीच्या ३० मीटर जाळीवरून त्या काढता येतात. मात्र दोन रेषांमध्ये २० मीटर उंचीचं अंतर घेतलं तर ४०० मीटरच्या कड्यावर २० रेषा दोन-तीन मिलिमीटरमध्ये कोंबल्या जातात आणि छापताना तपकिरी डाग उरतो. अंतर ४० मीटर ठेवा, दर २०० मीटरची रेषा ठळक करा. एसआरटीएम कडे बोथट करून दाखवतं, म्हणून ओपनस्ट्रीटमॅपमधल्या कड्याच्या रेषा दातेरी चिन्हाने वेगळ्या काढा. रेषेची जाडी ०.३ पॉइंटपेक्षा कमी नको.

कोपऱ्यात भारताचा छोटा नकाशा देणार असाल तर बाह्यसीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणेच हवी. ओपनस्ट्रीटमॅपमधली सीमा तशी नाही. चुकीच्या सीमेचा नकाशा छापणं गुन्हा आहे आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. इथे महाराष्ट्राची बाह्याकृती पुरते, तीच वापरा.

पुस्तिकेचा मजकूर विकिपीडिया किंवा विकिव्हॉयेजवरून घेतलात तर तो सीसी बाय-एसए ४.० या परवान्याखाली येतो. मराठीत भाषांतर केलं तरी ते रूपांतरच, त्यामुळे तुमचा मजकूरही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. लेखाचं नाव, इतिहासपानाचा पूर्ण पत्ता, परवान्याचं नाव आणि पत्ता, ‘भाषांतर व संक्षेप केला आहे’ ही नोंद, हे सगळं छापा. कागदावर दुव्याला टिचकी मारता येत नाही, म्हणून पत्ता अक्षरशः लिहा. विकिमीडिया कॉमन्स या मुक्त संग्रहातल्या प्रत्येक छायाचित्राचा परवाना स्वतंत्रपणे पाहा. १०० मिलिमीटर रुंद छापायला साधारण १,१८० पिक्सेल लागतात. नकाशा पुस्तिकेपासून सुटा होऊ शकतो, म्हणून ‘© ओपनस्ट्रीटमॅप योगदानकर्ते’ ही ओळ आणि परवान्याचा पत्ता नकाशावरच हवा. एसटीच्या वेळा छापू नका. बस कुठल्या स्थानकातून मिळते आणि माहिती कोणत्या महिन्यात तपासली, एवढंच छापा.

अक्षरजुळणीसाठी स्क्रायबस या मोफत सॉफ्टवेअरची १.६ किंवा नंतरची आवृत्ती घ्या, १.४ मध्ये जोडाक्षरं तुटतात. इनडिझाइन वापरत असाल तर त्यात वर्ल्ड-रेडी कंपोझर हा पर्याय निवडा. ‘दऱ्याखोऱ्यांतल्या किल्ल्यावर’ एवढंच टाइप करून पीडीएफ काढा: ‘ऱ्या’ आणि ‘ल्ल्या’ नीट आले तर बाकीचं बहुतेक नीट येतं. क्यूजीआयएसमधून पीडीएफ काढताना अक्षरं बाह्यरेषा म्हणून काढा. नकाशावरची नावं ७ पॉइंटच्या खाली नेऊ नका, मात्रा भरून जातात. ही पीडीएफ बहुधा आरजीबी, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगपद्धतीत असते. ती तशीच छापखान्यात दिली तर काळी अक्षरं चार शायांची होतात आणि शाई जराशी सरकली की नावांना रंगीत सावली पडते. अक्षरं फक्त काळ्या शाईत राहतील असं रूपांतर करून घ्या आणि प्रूफ भिंगातून पाहा.

नकाशाला ९० ते १०० जीएसएम मॅपलिथो (न चकाकणारा छपाईचा कागद) घ्या. आर्ट पेपर उन्हात चमकतो आणि घडीवर तडकतो. ५९४ मिलिमीटरच्या बाजूला सहा पट्टे आणि ४२० च्या बाजूला तीन केले की घडी ९९ बाय १४० ची होते, ए६ पुस्तिकेच्या खिशात बसते. घड्या एकमेकींना छेदतात तिथे कागद आधी फाटतो. त्या जागी जुन्नर शहर किंवा वाटेचा फाटा येत असेल तर नकाशाची चौकट थोडी सरकवा. हे छापण्यापूर्वी साध्या कागदावर घडी घालून पाहायचं.

पुस्तिका ६४ पानी ठेवा, म्हणजे १६ पानांचे चार फर्मे (एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेले भाग). सेंटर पिन मारल्यावर मधली पानं मिलिमीटर-दीड मिलिमीटर बाहेर येतात आणि कापली जातात, म्हणून बाहेरचा समास ८ मिलिमीटर तरी हवा. पहिली आवृत्ती डिजिटल छपाईवर दोन-तीनशे प्रतींचीच काढा. वाचकांच्या दुरुस्त्या येतात, त्या मूळ नकाशात भरून दुसरी काढता येते. आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनाशुल्क मिळतो. १९५४ च्या ग्रंथ-वितरण कायद्यानुसार प्रकाशनानंतर ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना प्रत पाठवायची असते. सुटा छापलेला नकाशाही त्यात येतो.