डोळ्यात पाचट लागलं तर

ऊसतोडीत बसलेला पात्याचा फटका, मळणीयंत्रातून उडालेला सोयाबीनचा भुसा, तुरीच्या काडीचं टोक. मराठवाड्यात सुगीच्या दिवसांत बुबुळाला बुरशी लागते ती बहुतेक अशीच. पाला-मातीत फ्युजेरियम, ॲस्परजिलस या बुरशी असतातच. बुबुळ खरचटलं की त्यांना वाट मिळते. पण त्या हळू वाढतात. लागलं त्या दिवशी नुसतं खुपतं, आणि दुखणं उघडं पडतं ते आठवड्या-दोन आठवड्यांनी. तोवर फटका बसला होता हे माणूस विसरलेला असतो, म्हणून डॉक्टरांना तो आठवणीने सांगा.

लागल्या लागल्या डोळा चोळू नका. स्वच्छ पाण्याने, पापण्यांची उघडझाप करत, पाच-दहा मिनिटं धुवा. कुसळ रुतलेलं असेल तर पदराच्या टोकाने किंवा जिभेने काढू नका. मध, एरंडेल, अंगावरचं दूध यातलं काहीही घालू नका, पट्टीही बांधू नका. त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरांकडे जा. रंगाची पट्टी लावून निळ्या उजेडात पाहिलं की खरचटलेली जागा हिरवी चमकते. दोन दिवसांनी पुन्हा दाखवा, बरं वाटत असलं तरी.

खरा घात होतो मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय आणलेल्या ‘लाली जायच्या ड्रॉप’ने. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिलंय का बघा. ही स्टेरॉइडं. बऱ्याचदा अँटिबायोटिकमध्ये मिसळलेली असतात, त्यामुळे लक्षात येत नाहीत. दोन दिवस लाली उतरते, आत बुरशी मोकाट पसरते.

डोळे आले तर चिकटतात, पण नजर सहसा जात नाही. बुरशीत मात्र एकच डोळा लाल होतो, उजेड सोसत नाही, धूसर दिसतं आणि बुबुळावर पिंजलेल्या कापसासारख्या कडांचा पांढरा ठिपका येतो. बुबुळामागे तळाशी पू साचलेला दिसला तर सकाळची वाट पाहू नका.

अंबाजोगाई, लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजांत नेत्रविभाग आहेत. डोळा बधिर करून जखमेचा खरवड घेतात. काचपट्टीवर बुरशीचे धागे त्याच दिवशी दिसू शकतात. कल्चरला, म्हणजे बुरशी प्रयोगशाळेत वाढवून ओळखायला, मात्र आठवडा-दोन आठवडे लागतात.

औषध बहुधा नॅटामायसिन ५ टक्के. ते तळाशी बसतं, म्हणून दर वेळी बाटली चांगली हलवा. न हलवता टाकलं तर नुसतं पाणीच डोळ्यात जातं. सुरुवातीला तासातासाला, रात्रीही टाकायचं असतं. घरात पाळ्या लावा. दुसरा ड्रॉप असेल तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. जखमेवर पांढरा थर दिसला तर तो औषधाचाही असू शकतो, बोटाने किंवा बोळ्याने खरवडू नका. ठणका थांबला म्हणून औषध सोडू नका; उपचार कित्येक आठवडे चालतो, कमी कधी करायचं ते डॉक्टर ठरवतील.

जखम भरल्यावर बुबुळावर उरलेलं फूल, म्हणजे पांढरा डाग, थेंबांनी जात नाही. ते नजरेच्या मधोमध असेल तर डोळा पुरता शांत झाल्यावर, काही महिन्यांनी, नेत्ररोपणाचं विचारा.