पाण्याचे मीटर वाचणे आणि बिल ताडून पाहणे

पाण्याचे बिल हातात आले की नजर आधी शेवटच्या रकमेवर जाते, आणि ती नेहमीपेक्षा जास्त असेल तर पहिला संशय मीटरवर येतो. परंतु घरात वापर वाढला, दर बदलले, मागची बाकी चढली की कुठे गळती सुरू आहे, यांपैकी काहीही त्या रकमेवरून कळत नाही. त्यासाठी बिलावरचे मागील वाचन आणि चालू वाचन हे दोन आकडे पाहावे लागतात, आणि तिसरा आकडा आपण स्वतः मीटरपाशी जाऊन आणावा लागतो. माझ्या मते हा तिसरा आकडा सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि बहुतेक घरांत तोच कधी घेतला जात नाही.

मीटरची काच पुसून आधी त्यावर कोणते एकक छापले आहे ते पाहावे. बहुतेक मीटर घनमीटरमध्ये मोजतात. १ घनमीटर म्हणजे १००० लिटर, आणि काही बिलांवर यालाच किलोलिटर किंवा नुसते युनिट म्हटलेले असते. काही मीटर घनफुटांत मोजतात, आणि १ घनफूट म्हणजे सुमारे २८.३ लिटर. घनमीटरच्या मीटरवर काळे आकडे पूर्ण घनमीटर दाखवतात, तर लाल आकडे किंवा लाल काटे त्याचे अपूर्णांक दाखवतात. काळ्या चौकटींत ००४१७ आणि लाल चौकटींत ३५२ दिसत असेल, तर वाचन ४१७.३५२ घनमीटर असे आहे. हे सगळे आकडे सलग वाचले तर वापर हजारपट दिसतो, आणि ही चूक घाईत वाचणाऱ्या कोणाच्याही हातून होऊ शकते. काट्यांच्या मीटरवर प्रत्येक काट्याजवळ त्याचा गुणक लिहिलेला असतो. ×०.१ च्या काट्याचे एक घर म्हणजे १०० लिटर, ×०.०१ चे १० लिटर, ×०.००१ चे १ लिटर, आणि ×०.०००१ चा काटा पूर्ण एक फेरी फिरला की १ लिटर पाणी मीटरमधून गेलेले असते. काटा दोन आकड्यांच्या मध्ये असेल तर लहान आकडा धरावा, मात्र ९ आणि ० यांच्या मध्ये असेल तर ९ धरावा. बिलाची आकारणी बहुधा फक्त काळ्या आकड्यांवर होते. लाल आकडे घरातल्या तपासणीसाठी उपयोगी पडतात.

वाचन घेतले की ते बिलावरच्या चालू वाचनाशी ताडून पाहावे. बिल छापल्यानंतर काही दिवस गेलेले असल्यामुळे मीटरवरचा आकडा बिलातल्या आकड्यापेक्षा थोडा जास्तच असला पाहिजे. तो कमी असेल, तर ते वाचन चुकीचे घेतले गेले आहे किंवा अंदाजाने भरले आहे, हे त्याच क्षणी सिद्ध होते. मीटरचा क्रमांकही बिलावरच्या क्रमांकाशी जुळवून घ्यावा, कारण एकाच ठिकाणी अनेक मीटर शेजारी शेजारी बसवलेले असतील तर दोन घरांच्या नोंदींची अदलाबदल होऊ शकते.

अंदाजे वाचनाचे बिल कमी आले म्हणून सोडून देऊ नये. दर टप्प्याटप्प्याने वाढत असतील, तर त्याची किंमत पुढच्या बिलात मोजावी लागते. समजा, पहिल्या १५ युनिटांना एक दर आहे, म्हणजे दर युनिटाला १ भाग, आणि त्यावरच्या प्रत्येक युनिटाला दुप्पट. घरात दोन्ही वेळा १५ युनिट वापर झाला, तर आकारणी १५ आणि १५ अशी एकूण ३० भाग व्हायला हवी. परंतु पहिल्या वेळी अंदाजाने १० लिहिले गेले, तर दुसऱ्या वेळी प्रत्यक्ष वाचनात २० निघतात. त्यांतील १५ साध्या दराने आणि उरलेले ५ दुप्पट दराने धरले की २५ भाग होतात, आणि दोन्ही बिले मिळून ३५ भाग आकारले जातात. पाणी एक थेंबही जास्त वापरलेले नसते. अशा वेळी दोन्ही कालावधींचा एकत्र वापर दिवसांच्या प्रमाणात विभागून नव्याने आकारणी करावी, अशी मागणी करणे रास्त आहे. काही ठिकाणी टप्पा ओलांडला की फक्त वरच्या युनिटांना नव्हे, तर सगळ्याच वापराला वरचा दर लागतो; तेथे २० युनिटांचे २५ नव्हे, ४० भाग होतात. आपल्याकडे यांतली कोणती पद्धत आहे, हे दरपत्रक वाचून एकदा नक्की करून घ्यावे.

बिलातल्या बाकीच्या ओळी समजायला सोप्या असतात. स्थिर आकार पाणी न वापरताही द्यावा लागतो, तर थकबाकी आणि विलंब आकार हे मागच्या बिलाचे असतात. मलनिःसारण आकार तेवढा लक्ष देऊन पाहावा. सांडपाण्यासाठी घरोघरी वेगळे मीटर नसते, म्हणून तो पुष्कळदा पाण्याच्या वापराच्या ठरावीक टक्क्यांनी लावला जातो. याचा अर्थ असा की जमिनीत मुरून गेलेल्या पाण्यावरही हा आकार लागतो, आणि गळतीचा भुर्दंड दोनदा पडतो.

दोन बिलांची तुलना करताना युनिटांऐवजी दर दिवशीचे लिटर काढावेत, कारण एक बिल ५८ दिवसांचे आणि दुसरे ६४ दिवसांचे असू शकते. ६१ दिवसांत २४.६ घनमीटर वापर झाला असेल, तर रोजचा वापर सुमारे ४०३ लिटर आणि घरात चार माणसे असल्यास प्रत्येकी १०० लिटरच्या आसपास होतो. हा आकडा गेल्या वर्षीच्या याच ऋतूतल्या आकड्याशी ताडून पाहावा.

हे लिटर कुठे जातात, हे घड्याळ आणि बादली घेऊन मोजता येते. १० लिटरची बादली शॉवरखाली ५० सेकंदांत भरत असेल, तर प्रवाह मिनिटाला १२ लिटर आहे आणि आठ मिनिटांच्या स्नानाला ९६ लिटर लागतात. फ्लशच्या जुन्या टाक्या एका वेळी ९ लिटर किंवा त्याहून अधिक पाणी सोडतात, तर दोन बटणांच्या टाक्या साधारणपणे ६ आणि ३ लिटर सोडतात. चौघांच्या घरात रोज २० वेळा फ्लश होत असेल, तर जुन्या टाकीला १८० लिटर लागतात. नव्या टाकीत चार वेळा मोठे आणि सोळा वेळा लहान बटण वापरले, तर ७२ लिटर पुरतात.

असे सगळे मोजूनही बेरीज बिलापेक्षा बरीच कमी भरत असेल, तर गळती शोधावी. गळती दिवसाचे चोवीस तास चालते, त्यामुळे तिचा प्रवाह लहान असूनही बेरीज मोठी होते. दहा मिनिटांत १०० मिलिलिटर पाणी ठिबकणारा नळ दिवसाला १४.४ लिटर घालवतो, आणि ते घरातल्या कोणाला जाणवतही नाही. मिनिटाला १०० मिलिलिटरची बारीक धार महिन्याला सुमारे ४.३ घनमीटर नेते, आणि मिनिटाला १ लिटर गेले तर तोच आकडा ४३ घनमीटरवर जातो. आमच्या घरी एकदा वापर अचानक जवळजवळ दुप्पट दिसला, तेव्हा मीटर बदलून घेण्याचा अर्ज आम्ही लिहूनही ठेवला होता. प्रत्यक्षात फ्लशच्या टाकीतले रबर झिजले होते आणि पाणी आवाज न करता भांड्यात उतरत होते.

तपासणी रात्री करावी. सगळे नळ बंद झाल्यावर लाल आकड्यांसह वाचन लिहून ठेवावे आणि पहाटे कोणी पाणी वापरण्याआधी पुन्हा घ्यावे. घरात साठवणीची टाकी असेल तर एक काळजी घ्यावी लागते: मीटर टाकीत शिरलेले पाणी मोजते, वापरलेले नाही. म्हणून टाकी आधी पूर्ण भरू द्यावी आणि मग तिच्याकडे येणारा व्हॉल्व्ह बंद करावा. त्यानंतरही काटा फिरला, तर गळती मीटर आणि टाकी यांच्यामधल्या जोडणीत आहे. काटा स्थिर राहिला, पण टाकीतली पातळी रात्रीतून उतरली, तर ती टाकीत किंवा टाकीपासून पुढच्या नळांत आहे. टाकीचा तळ लांबीरुंदीने प्रत्येकी १ मीटर असेल, तर पातळी १ सेंटिमीटर उतरणे म्हणजे १० लिटर जाणे. फ्लशच्या टाकीत खाण्याच्या रंगाचे काही थेंब टाकून अर्धा तास फ्लश न करता थांबावे. भांड्यात रंग दिसला, तर रबर किंवा व्हॉल्व्ह बदलावा लागेल. टाकी भरल्यावर बॉलकॉक नीट बंद होतो की नाही आणि पाणी वरच्या नळीतून वाहून जाते का, हेही त्याच वेळी पाहावे.

इतके करूनही हिशेब जुळला नाही, तर मग मीटरकडे वळावे. झिजलेले यांत्रिक मीटर बहुधा जलद नव्हे, मंद चालते, आणि फार बारीक प्रवाह त्याला मोजताच येत नाही. मात्र पुरवठा खंडित होऊन पुन्हा सुरू होतो तेव्हा नळातली हवा मीटरमधून जाते आणि काटे फिरवते, त्यामुळे जास्त नोंद होऊ शकते. पडताळणीसाठी टाकीचा व्हॉल्व्ह बंद ठेवून मीटरच्या थेट नळावर दहा बादल्या भराव्यात आणि त्या आधीचे व नंतरचे वाचन घ्यावे. बादलीवरच्या खुणेवर भरवसा ठेवण्यापेक्षा तिच्यातले पाणी वजन करून पाहावे, कारण १ लिटर पाण्याचे वजन १ किलो असते. आयएसओ ४०६४ या मानकानुसार घरगुती वापराच्या नेहमीच्या वर्गातल्या मीटरला सामान्य प्रवाहात २ टक्के आणि अगदी मंद प्रवाहात ५ टक्क्यांपर्यंत चूक मान्य आहे. घरच्या बादल्यांनी इतका सूक्ष्म फरक सिद्ध होणार नाही. परंतु १०० लिटरला मीटर ११५ दाखवत असेल, तर अधिकृत चाचणीची मागणी करायला तेवढा आधार पुरेसा आहे.

तक्रार लेखी द्यावी. तिच्यात मीटरचा क्रमांक, निदान दोन तारखांची वाचने, त्यांची छायाचित्रे, रात्रीच्या तपासणीचा निकाल आणि दर दिवशीचे लिटर हे सर्व लिहावे. गळती सापडून दुरुस्त झाली असेल, तर दुरुस्तीच्या दिवशीचे वाचन आणि त्यानंतर आठ दिवसांनी घेतलेले वाचनही जोडावे, म्हणजे वापर किती खाली आला हे कार्यालयाला आकड्यांतूनच दिसते आणि सवलतीची तरतूद असल्यास ती मागणे सोपे जाते.