फुलं नसलेली कारवी डीएनएवरून कशी ओळखायची

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी पोरांकडे चार महिने असतात आणि कारवी फुलते सात-आठ वर्षांनी. (बोलताना आपण सातच म्हणतो, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ती २००८ला फुलली आणि त्यानंतर थेट २०१६ला.) मधल्या वर्षांत उतारावर नुसत्या काठ्या आणि खरखरीत पानं. कुडासाठी काठ्या तोडणारा माणूस हात लावून सांगतो, ही कारवी, ती व्हायटी (कारवीच्याच नात्यातलं झुडूप). आम्ही फ्लोरा (वनस्पती ओळखायचा ग्रंथ) उघडतो तर पहिलाच प्रश्न फुलोऱ्याचा! मग कुणीतरी म्हणतंच, "मॅडम, डीएनए करूया ना."

करूया. पण आधी हे ऐका. डीएनए झाडाचं नाव सांगत नाही. तो एवढंच सांगतो की तुमचा नमुना अमुक नमुन्यासारखा आहे. त्या दुसऱ्या नमुन्याला नाव कुणीतरी फुलं बघूनच दिलेलं असतं. म्हणून कामाची सुरुवात लॅबमध्ये नाही, फुललेल्या झाडापाशी होते. यंदा कुठे फुलली असेल तर तिथे जा, फांदी दाबून हर्बेरियम शीट (कागदावर लावलेला वाळका नमुना) करा, त्याच फांदीचं पान डीएनएसाठी घ्या आणि दोन्हींवर एकच क्रमांक घाला. कुठेच फुलली नसेल तर जुन्या शीट बघा. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं हर्बेरियम आहे, मुंबईत झेवियर्सचं ब्लॅटर हर्बेरियम आहे. रीतसर अर्ज केला तर पानाचा नखाएवढा तुकडा मिळू शकतो. अशा जुन्या पानातला डीएनए तुटलेला असतो, त्यामुळे त्यातून लांब तुकडे वाढवण्याचा (म्हणजे त्यांच्या प्रती काढण्याचा) हट्ट धरू नका. आणि जंगलातून काहीही तोडण्याआधी वनखात्याची परवानगी. त्यात महिना जातो, तो धरूनच चाला.

पान कोवळं घ्या, शेंड्याजवळचं. जून पानात चिकट शर्करा आणि फिनॉलं जास्त, ती पुढे रडवतात. चहाच्या रिकाम्या पुडीत पान घाला आणि ती पुडी सिलिका जेलच्या डब्यात ठेवा. पानाच्या वजनाच्या दहापट सिलिका हवी. पान एका दिवसात कुरकुरीत व्हायला पाहिजे. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत पान कोंबून दोन दिवसांनी लॅबमध्ये आणलंत तर हातात काळा लगदा येईल, डीएनए नाही.

आता डीएनए काढणं. महागडे किट आहेत, पण मी अजून सीटॅबच (पेशी फोडणारं साबणासारखं रसायन) वापरते. डॉयल दांपत्याने १९८७ साली मांडलेली पद्धत, कारवीच्या पानाला छान चालते. वाळलेलं वीसेक मिलिग्रॅम पान खलात अगदी पिठासारखं वाटा. २ टक्के सीटॅबचं द्रावण ६५ अंशांवर आधीच गरम करून ठेवलेलं असावं, त्यात एक टक्का पीव्हीपी (फिनॉलं धरून ठेवणारी पावडर). ही पीव्हीपी विसरलात तर फिनॉलं डीएनएला चिकटतात आणि शेवटी तळाशी तपकिरी गोळा बसतो. बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल अगदी शेवटी घाला, तेही फ्यूम हूडमध्येच. सडक्या कोबीसारखा वास येतो, आणि एकदा कॉरिडॉरमध्ये गेला की प्राचार्यांपर्यंत जातो. पाऊण तास ६५ अंशांवर, मधूनमधून हलवत. मग तेवढंच क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल अल्कोहोल, २४ला १. ट्यूब हळूहळू उलटसुलट करायची, घुसळायची नाही, नाहीतर डीएनएचे तुकडे होतात. सेंट्रिफ्यूज केल्यावर वरचा थर घ्या. मधल्या पांढऱ्या पापुद्र्याला पिपेटचं टोक लागू देऊ नका. लोभापायी शेवटचे पन्नास मायक्रोलिटर ओढायला जातात आणि सगळं खराब करतात. थर गढूळ वाटला तर क्लोरोफॉर्म पुन्हा एकदा. पुढे थंड आयसोप्रोपॅनॉल, ७० टक्के अल्कोहोलने धुणं, सुकवणं, टीई बफरमध्ये विरघळवणं, हे नेहमीचंच.

एक गोष्ट मात्र मला महागात पडली आहे. ट्यूबवरचे क्रमांक मी साध्या मार्करने लिहिले होते. धुताना हातावर अल्कोहोल सांडलं आणि चोवीस ट्यूब कोऱ्या झाल्या. आता क्रमांक झाकणावर सुईने कोरते आणि बाजूलाही लिहिते.

डीएनए मोजताना २६० आणि २८० नॅनोमीटरला शोषलेल्या प्रकाशाचं गुणोत्तर १.८च्या आसपास हवं. त्याहून महत्त्वाचं २६०/२३०. ते एकच्या खाली असेल तर शर्करा-फिनॉलं अजून आहेत आणि पीसीआर (डीएनएच्या प्रती काढायची प्रक्रिया) रुसेल. अशा वेळी जास्त डीएनए घालू नका, उलट दहापट पातळ करून बघा. बहुतेकदा तेवढ्याने काम होतं.

कुठला जीन वाढवायचा? प्राण्यांमध्ये मायटोकाँड्रियातला सीओ-वन हा जीन चालतो. वनस्पतींच्या मायटोकाँड्रियातले जीन फार सावकाश बदलतात, म्हणून तो इथे निरुपयोगी. २००९ साली वनस्पतींसाठी आरबीसीएल आणि मॅट-के या हरितलवकातल्या जोडीची शिफारस झाली. आरबीसीएल जवळजवळ कुठल्याही पानातून निघतो, पण सख्ख्या जातींमध्ये अक्षर न अक्षर सारखा निघू शकतो. तो कुळ, फार तर जीनस (जवळच्या जातींचा गट) सांगेल. मॅट-के जास्त बदलतो, पण त्याचे प्रायमर (प्रत काढायला सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) अनेकदा दगा देतात. कारवीच्या मंडळींसाठी मी केंद्रकातला आयटीएस आणि हरितलवकातला टीआरएनएल-एफ हे डीएनएचे भाग घेते. प्रत्येक वेळी एक ट्यूब डीएनए न घालता चालवा. जेलवर त्या ट्यूबचीही डीएनएची पट्टी दिसली तर त्या दिवसाचं सगळं फेकून द्या. जीव जळतो, पण फेका.

आयटीएसचा एक चावटपणा आहे. सर्रास वापरले जाणारे प्रायमर बुरशीलाही चालतात. माझ्या एका विद्यार्थिनीचा नमुना सुंदर वाढला, सीक्वेन्स (डीएनएच्या अक्षरांचा क्रम) स्वच्छ आला, ब्लास्टमध्ये (साठ्यातल्या सीक्वेन्सशी जुळवून बघणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) टाकला तर पानावरची बुरशी! दिवसभर ती कुणाशी बोलली नाही. तेव्हापासून पान अल्कोहोलने पुसून घेतो आणि फक्त वनस्पतींना लागू पडणारे प्रायमर वापरतो.

सीक्वेन्स आला की आधी शिखरांचा आलेख उघडा, अक्षरं नंतर. सुरुवातीची तीसेक अक्षरं भरवशाची नसतात, ती कापा. दोन्ही बाजूंनी वाचून घेतलेलं असावं. आयटीएसमध्ये एकाच जागी दोन शिखरं दिसली तर घाईने एक अक्षर ठोकू नका. कदाचित झाड संकरित असेल. ब्लास्टमध्ये ९९ टक्के बघून नाचू नका. सीक्वेन्सचा किती भाग जुळला ते बघा, आणि मुख्य म्हणजे समोरच्या नोंदीला हर्बेरियमचा क्रमांक आहे का ते बघा. जेनबँकेत (सीक्वेन्सच्या सार्वजनिक साठ्यात) चुकीच्या नावाच्या नोंदीही आहेत. तुमच्या फुललेल्या झाडाचा सीक्वेन्स मी त्या सगळ्यांच्या वर ठेवीन.

नाव मिळालं की पोरांना वाटतं काम संपलं. मला खरी गंमत पुढे वाटते. ब्रेमेकँप नावाच्या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने १९४४ साली स्ट्रोबिलँथिस हे मोठं घर फोडून पन्नासहून जास्त जीनस केले. आपल्या कारवीला त्याने 'कार्विया' म्हटलं, व्हायटी गेली 'थेलेपेपाले'मध्ये, मुन्नारची बारा वर्षांनी फुलणारी नीलकुरिंजी 'फ्लेबोफायलम'मध्ये. २००४ साली आयटीएस आणि टीआरएनएल-एफवरून वंशवृक्ष काढला गेला तेव्हा मोठं घर एकत्र राहिलं, आणि ब्रेमेकँपच्या बऱ्याचशा खोल्यांना आधार सापडला नाही. कारवी पुन्हा स्ट्रोबिलँथिस झाली. 'कार्विया' गेल्याचं मला जरा वाईट वाटतं. लॅटिनच्या गर्दीत तेवढं एक नाव आपल्या डोंगरातलं होतं.

असा वृक्ष तुम्हीही काढू शकता. सीक्वेन्स मॅफ्ट या प्रोग्रॅममध्ये एकाखाली एक जुळवा, मग डोळ्यांनी तपासा, आणि मेगा किंवा आयक्यू-ट्री या वृक्ष काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये घाला. दोन्ही फुकट आहेत. बाहेरचा नातेवाईक म्हणून रुएलिया घ्या, पाण्यात टाकली की जिची शेंग फट्कन फुटते ती. कोरांटीही जोडीला चालेल, तीही याच कुळातली. बूटस्ट्रॅप (डेटा पुन्हापुन्हा उचलून फांदी किती वेळा टिकते ते बघणं) हजार वेळा चालवा, आणि ७० टक्क्यांच्या खालच्या फांदीवर प्रबंधात मोठमोठी वाक्यं लिहू नका. आयटीएसचा आणि हरितलवकाचा वृक्ष आधी वेगवेगळे काढा. हरितलवक बहुतेक सपुष्प वनस्पतींमध्ये आईकडूनच येतो. त्यामुळे दोन वृक्ष भांडत असतील तर मागे कधीतरी संकर झाला असण्याची शक्यता असते. दोन्ही डेटा आधीच एकत्र केलात तर हे भांडण ऐकूच येणार नाही.

आमच्या फ्रीझरमध्ये क्रमांक सतराची ट्यूब आहे. पान व्हायटीसारखं, आयटीएस कशाशीच नीट जुळत नाही. त्या झुडपाला आम्ही पत्र्याची पट्टी बांधून ठेवली आहे. वाटेवरच्या घरातल्या मावशींना सांगून ठेवलंय, कळ्या दिसल्या की लगेच फोन करा, कारण कारवी एकदा फुलली की मरते.